जात्यावरची बाई

उपरणं डोक्यावरून थेट भुवयांपर्यंत ओढून गहिनीनाथ सुतार वरच्या आळीच्या मांडवात शिरला आणि बायकांच्या घोळक्यामागे खांबाआड उभा राहिला. काल आला होता. परवाही आला होता. कुणी ओळखू नये म्हणून हा सगळा खटाटोप. पण अख्ख्या जामखेडात त्याला न ओळखणारा माणूस दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. एक तर ताडमाड उंची, त्यात कानामागे खोवलेली पेन्सिल. उपरणं ओढताना ती काढून ठेवायचं भान काही त्याला राहिलं नव्हतं.

डाव्या हाताला गणपती होता. त्याच्याकडे गहिनीनाथने ढुंकूनही पाहिलं नाही. तो पाहत होता समोरच्या लाल पडद्याकडे. पडद्यापुढे पत्र्याची एक बाई जात्यावर बसली होती. रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकून केलेली, वरून रंग दिलेली, अंगावर खरंखुरं जुनेर. जात्याचा खुंटा धरून ती दळत होती. हात फिरे तसा खांदा हले, खांद्याबरोबर मान हले. इथवर विशेष काही नव्हतं. असल्या हलत्या बाया गहिनीनाथने रग्गड केल्या होत्या.

पण मग ते व्हायचं. फिरता फिरता तिचा हात थांबायचा. जातं थांबायचं. बाई नुसती बसून राहायची. आणि मग दुसरा हात हळूच वर यायचा, मुठीतला पदर कपाळाला लागायचा, घाम टिपायचा, खाली जायचा. की पुन्हा जातं सुरू.

"दमली गं माय माजी!" पुढे बसलेली बायडाबाई कळवळून म्हणाली. ती म्हातारी गावातल्या निम्म्या बाळंतिणींची सुईण. सहसा कशाला न भुलणारी. पत्र्याच्या बाईसाठी तिच्या डोळ्याला पाणी आलेलं पाहून गहिनीनाथच्या छातीत कळ आली. त्याच्या रामाला पाहून, सीतेला पाहून कधी कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. लोक म्हणत, "वा! काय फिरतंय!" आणि पुढे सरकत. इथे लोक सरकतच नव्हते. बाई पुन्हा कधी थांबते याची वाट पाहत बसून होते.

"सुतारमामा, आजबी आला का?" शेजारच्या कुणीतरी विचारलं.

"देवाच्या दर्शनाला आलतो," असं म्हणून गहिनीनाथ देवाकडे पाठ करून बाहेर पडला.

त्याच्या या दुखण्याचं कारण गावाला ठाऊक होतं. जामखेडात गणपती दोन, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. खालच्या आळीचा हलता देखावा गेली पंधरा-सोळा वर्षं गहिनीनाथचा. वर्षभर तो रहाट करी, बैलगाड्या करी, नांगर करी आणि श्रावण लागला की हे काम काढी. विसर्जनाच्या दिवशी दोन्ही गणपती वेशीत एकत्र येत, तेव्हा देवाला वाहून झाल्यावर गुलालाची पहिली मूठ ज्याचा देखावा गावाला आवडला त्याच्या कपाळाला लागे. वरच्या आळीकडे आजवर नुसता रंगवलेला पडदा असायचा, त्यामुळे ती मूठ दरसाल गहिनीनाथच्याच कपाळाला. तो मान आपला आहे असं म्हणणंही त्याने सोडून दिलं होतं. आपल्या नाकाला कुणी आपलं नाक म्हणत हिंडतं का?

यंदा मात्र छगन आला. मूळचा जवळच्याच वाडीचा. नगरला लष्कराच्या कॅम्पात मोटारी दुरुस्तीवर चार वर्षं काढली, पत्र्याचं काम शिकला आणि लढाई चालू असतानाच काम सोडून परत आला. वेशीपाशी चाळण्या, डबे, रॉकेलच्या चिमण्या विकायला बसला. त्याला वरच्या आळीने देखावा सांगितला तेव्हा गहिनीनाथ मनापासून हसला होता. "डबेवाला देखावा करनार? त्याच्या गनपतीला बी झाकन असंल," असं तो चारचौघांत म्हणाला होता. आता ते बोलणं त्याचं त्यालाच चावायला येत होतं.

घरी रंगुबाई सुपात तूर घेऊन पाखडत होती. नवरा आला तशी उठली, तवा टाकला. भाकरी पुढ्यात आली तरी गहिनीनाथचा हात ताटाकडे जाईना.

"तू गेलतीस म्हनं तिकडं?" त्याने विचारलं.

"गेलते. बायडाबाईच्या संगं."

"मग?"

"मग काय? चांगलं हाय."

बायको म्हणाली असती, वाईट आहे, तर तो म्हणाला असता, तुला काय कळतं. बायको म्हणाली असती, लई झकास आहे, तर तो चिडला असता आणि चिडून मोकळा झाला असता. पण हे सरळ, कोरडं 'चांगलं हाय' त्याच्या पोटात काट्यासारखं रुतून बसलं.

"आपला रावन दाही तोंडं फिरीवतो," तो म्हणाला. "येकदा सुरू झाला की मानूस थकंल, पन रावन थकायचा न्हाई."

"म्हनूनच," रंगुबाई म्हणाली.

"काय म्हनूनच?"

"ती थकती. म्हनून बघू वाटतं." भाकरी उलटत ती जरा थांबली. "आपली ती गवळन न्हवती का, पयली..."

"तिचं नाव काडू नगंस!" गहिनीनाथ कडाडला. "शिकत हुतो तवा. पोरखेळ हुता त्यो."

भाकरी झाली तशी रंगुबाई पुन्हा सुपाकडे वळली.

दुपारभर गहिनीनाथ पडवीत रंधा-पटाशी मांडून बसला. थांबतं कसं? एवढाच प्रश्न त्याला खात होता. रहाटाच्या चाकाला खुंट्यांचे दाते असतात. त्या दात्यांनी दुसरं चाक फिरतं. बैल चालतोय तोवर फिरतं. सुताराच्या लेखी थांबणं म्हणजे बिघडणं. भर उन्हाळ्यात रहाट थांबला की शेतकरी शिव्या हासडत दाराशी येतो, हे बापाच्या काळापासून त्याने पाहिलेलं. न थांबणारं चाक करायचं, यासाठी सगळा जन्म गेला, आणि आता हा कुणी डबेवाला थांबून दाखवतो आणि गाव त्याच्यावर लट्टू! त्याने चाकाला वजन बांधून पाहिलं. पाचर मारून पाहिली. जुन्या पाळण्याची दोरी अडकवून पाहिली. एकदा चाक थांबलं ते असं थांबलं, की पुन्हा सुरू करायला वाकस घेऊन सांधा फोडावा लागला.

मग त्याच्या मनाने सोपी वाट धरली. आपल्याला जमत नाही ते दुसऱ्यालाही जमत नसणार. आत माणूस बसवलाय. आत बसून हात ओढतोय आणि पदराने घाम टिपतोय. दुसरं काय?

संध्याकाळी खालच्या आळीच्या मांडवात त्याने हे काकासाहेबांच्या कानात घातलं. काकासाहेब कापडाचे व्यापारी, खालच्या आळीच्या गणपतीचे पुढारी. त्यांचं मन आधीच खट्टू होतं. समोर रावणाची दाही तोंडं गरगरत होती, जटायू पंख मारत होता, पडद्यामागे भाड्याचा गडी घाम गाळत दांडा फिरवत होता. आणि बघायला चार टाळकी. त्यातली दोन काकासाहेबांच्याच दुकानातली.

"गहिनी, खात्री हाय का तुजी?"

"पत्रा कंदी दमतो का काकासाहेब? मानूस दमतो."

हे वाक्य गावाला आवडलं. रातोरात ते दोन्ही आळ्यांत फिरलं. विसर्जनाच्या दिवशी सकाळपर्यंत छगनच्या बाईच्या पोटात माणूस असल्याची गोष्ट इतकी पक्की झाली, की तो माणूस कोण, त्याला किती मजुरी, आणि तो आत विडी ओढतो तेव्हा धूर तिच्या कोणत्या कानातून येतो, हेही लोक सांगू लागले. गहिनीनाथ आतल्या आत सुखावला. रात्री त्याला झोप चांगली लागली. पोटातला काटा मात्र होता तिथेच होता.

दुपारी काकासाहेब चार माणसं घेऊन वरच्या आळीच्या मांडवात गेले. गहिनीनाथ पुढे. आज त्याने उपरणं डोक्यावरून घेतलं नव्हतं. जत्रेसारखी गर्दी मागोमाग आली. भांडण म्हटलं की गावाला देवापेक्षा जास्त उत्साह. छगन मांडवाच्या कडेला बसून तेलाच्या चिंधीने हात पुसत होता. काटक, काळा, तिशी उलटलेला माणूस. उठून उभा राहिला.

"छगन," काकासाहेब म्हणाले, "गावात बोलवा हाय, तुज्या बाईच्या आत मानूस बसवलाय म्हनून."

"कोन म्हनतंय?"

सगळ्यांच्या माना गहिनीनाथकडे वळल्या.

"मी म्हनतो," गहिनीनाथ म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "न्हाई म्हनत असशील तर उघड पडदा. दाव समद्यांना."

हे बोलताना त्याच्या मनात खात्री होती की छगन पडदा उघडणार नाही. कुठला कारागीर उघडेल? त्याने स्वतः इतक्या वर्षांत आपला पडदा कुणाला उघडून दाखवला नव्हता. काकासाहेबांनाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पडद्यामागे डोकावणाऱ्या किती जणांना त्याने वाकसाचा दांडा दाखवून पळवलं होतं, त्याला गणती नव्हती.

छगन हसला. "उगडतो की. त्यात काय? सुतारमामा, तुमीच या फुडं. तुमाला दावायचं हुतंच. तीन दीस मागं खांबाला उभं राहत हुता, मला वाटलं, हाक मारावी का न्हाई."

म्हणजे याने पाहिलं होतं तर!

छगनने पडद्याच्या कड्या सरकवल्या. आत माणूस नव्हता. एक पिंप उंचावर टांगलेलं, त्याच्या बुडातल्या भोकातून विंचरणा नदीच्या पात्रातली वाळू बारीक धारेने पडत होती. धारेखाली वाट्यावाट्यांचं पत्र्याचं चाक. वाळूच्या वजनाने ते संथपणे फिरत होतं. दांडा नाही, गडी नाही, घाम नाही. गर्दीतून 'अगं बाई' आणि 'च्यायला' असे दोन्ही सूर निघाले. काकासाहेबांनी गहिनीनाथकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आजवर घेतलेलं सगळं कापड त्याने परत करावं.

पण गहिनीनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. पत्र्याच्या चाकापलीकडे त्याला दुसरं चाक दिसलं होतं. ते पत्र्याचं नव्हतं. बाभळीच्या लाकडाचं होतं, खुंट्यांच्या दात्यांचं, रहाटाच्या चाकाची हुबेहूब धाकटी बहीण. त्याने मान वाकवून कान दिला. टक, टक, टक, टक. मग आवाज नाही. मग पुन्हा टक, टक. तो गुडघ्यावर बसला. डोळे बारीक केले. आणि त्याला दिसलं, आणि गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू आलं. खरंखुरं, पोटातून.

"अरं, दाता न्हाई!" तो ओरडला. "काकासाहेब, ह्यो बगा! चाकाचा येक दाताच न्हाई! ती जागा आली की म्होरलं चाक फिरत न्हाई, म्हनून बाई थांबती. मोडकं चाक हाय ह्याचं! ह्याला तुमी कला म्हनता? ही तर खोट हाय, खोट! माज्या पडवीत झाडू मारनारा बी सांगंल!"

लोक हसले. पहिल्यांदा दोघे-चौघे, मग बरेच. गहिनीनाथ उठून उभा राहिला, धोतर झटकलं, आणि गावाकडे पाहिलं. ते पाहणं एखाद्या पाटलाचं होतं.

"व्हय मामा," छगन म्हणाला. "खोटच हाय. पन माजी न्हवं. तुमची हाय."

"माजी?"

"तुमची पयली गवळन. ताक घुसळनारी. आठवती का?"

गहिनीनाथला आठवत होती. विसरावी म्हणून त्याने पुष्कळ केलं होतं.

"मी तवा विहिरीच्या खोदकामावर हुतो," छगन गर्दीला नाही, त्यालाच सांगत होता. "मी आन् माजी आय. दीसभर सुरुंगाचे दगड उचलायचे आन् सांजच्याला तुमच्या मांडवात येऊन बसायचं. ती गवळन घुसळत घुसळत मधीच थांबायची. आय म्हनायची, बघ, दम खाती बिचारी. मी दर सांजेला तेवड्यासाठनं यायचो. तुमच्याकडं बी आलतो मामा. म्हनलं, येकदा चाक दावा. तुमी वाकस उगारलात."

गर्दीतलं हसू कुठल्या कुठे विरलं होतं.

"मग कान दिऊन बसलो. टक टक व्हायचं, मग गप. मनानं ताडलं, येक दाता नसनार. दुसऱ्या सालीबी आलो. आयला घिऊन आलो, मुद्दाम. तर ती थांबंचना. गरागरा आपली फिरतीच हाय. आय म्हनली, हिला कुनी कामाला जुपली रं." छगनने हातातली चिंधी घडी केली, पुन्हा उलगडली. "लई वाईट वाटलं. आता आय न्हाई. म्हनून केलं ह्ये. घाम पुसनं तेवडं माजं हाय. थांबनं तुमचं."

ते सगळं गहिनीनाथच्या डोळ्यांपुढे आलं. पहिलं वर्ष. घाईत केलेलं चाक, ओल्या बाभळीचे दाते, आणि पहिल्याच संध्याकाळी एक दाता खाड्कन मोडला. काढून बदलायला वेळ नव्हता, गणपती बसलेला. सगळा उत्सव तो पडद्यामागे मान खाली घालून बसला होता. दर फेरीला गवळण अडकायची आणि लोकांत काहीतरी खसखस पिकायची. हसताहेत, त्याला वाटायचं. सुताराच्या चाकाला हसताहेत. विसर्जन होताच त्याने चाक उतरवलं, सागवानी दाता बसवला, कानस मारून असा सारखा केला की कुठला जुना, कुठला नवा, सांगता येऊ नये. पुढच्या वर्षी कुणी हसलं नाही. तेव्हा त्याला केवढं हायसं वाटलं होतं.

लोक हसत नव्हते तर. दम खाती बिचारी, म्हणत होते.

आणि मढीच्या जत्रेतला तो म्हातारा बाहुलीवाला आठवला. त्याच्या लाकडी बाहुलीने मान लचकवली ती पाहून तर गहिनीनाथला हा नाद लागला होता. धीर करून त्याला विचारलं तेव्हा म्हाताऱ्याने खोकं उघडून सगळ्या दोऱ्या पुढ्यात टाकल्या होत्या. "बघ, बघ. बघितल्यानं कमी व्हतंय व्हय?" असं म्हणाला होता. इतक्या वर्षांत त्या म्हाताऱ्याची एकदाही आठवण झाली नव्हती, आणि आठवण व्हायला नेमकी हीच वेळ सापडली.

संध्याकाळी दोन्ही गणपती वेशीत आले. देवाला गुलाल वाहिला, आणि गावाने पहिली मूठ छगनच्या कपाळाला लावली. कुणी कुणाला विचारलंही नाही, इतकं ते उघड होतं. काकासाहेबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. व्यापारी माणूस, कुठे टाळी वाजवायची ते त्यांना बरोबर कळे. गहिनीनाथ कडुनिंबाखाली उभा होता. घरी जायचं सोडून तो इथे का आला, त्यालाच ठाऊक. काही दुखणी अशी असतात की ती दाबून बघितल्याशिवाय माणसाला राहवत नाही.

छगन गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आला. मुठीत गुलाल होता.

"मामा, वाका जरा. तुमी उंच."

गहिनीनाथने त्याच्याकडे पाहिलं. याने चिडवलं असतं तर बरं होतं. 'कशी जिरवली' म्हणाला असता, तर दोन शिव्या हासडून मन मोकळं झालं असतं. उर्मट माणसाचा हेवा करणं सोपं जातं. हा मेला मनापासून गुलाल लावायला आला होता, आणि त्याच्या डोळ्यांत गहिनीनाथविषयी आदर होता. पण तो आदर त्या गहिनीनाथविषयी होता, ज्याचा दाता मोडला होता. ज्याने तो नीट बसवला, आणि पुढे इतकी वर्षं राम, रावण, भीम, बकासुर फिरवले, त्याच्याविषयी छगन एक अक्षर बोलला नव्हता.

"राहू दे," गहिनीनाथ म्हणाला. "तुलाच शोभतो." आणि न वाकता वळून चालू लागला.

घरी आल्याआल्या त्याने शिडी लावली आणि माळ्यावर चढला. फुटके आरे, जुनी दावी, मोडका पाळणा बाजूला सारत त्याने कोपऱ्यातून गवळण ओढून काढली. नाक उंदरांनी कुरतडलेलं, रंग उडालेला. पण हातातली रवीची दोरी अजून होती. खाली आणून त्याने तिला पडवीत उभी केली, मागची फळी काढली, दांडा फिरवला. कुरकुरत ती घुसळू लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. थांबायचं नाव नाही. काम चोख केलं होतं त्याने.

त्याने पटाशी घेतली आणि चाकाजवळ डोळे नेले. कुठला होता तो? सगळे दाते एकसारखे काळे पडलेले. सागवानी कुठला, बाभळीचा कुठला, तेला-धुळीने काही कळेना. आपल्याच कानशीचं कौतुक त्याला तेव्हा किती वाटलं होतं! भलताच दाता काढला तर ती भलत्याच जागी थांबणार, अर्धवट वाकलेली, कंबर धरल्यासारखी. तो एकेका दात्यावर बोट ठेवत गेला. मग पटाशी जमिनीवर ठेवून नुसता बसून राहिला.

रंगुबाई जळणाच्या काटक्या घेऊन परसातून आली. गवळणीला पाहून दारातच थबकली. काय झालं ते गावात तिने ऐकलंच असणार. तिने त्याचा विषय काढला नाही.

"कुटं थांबायची गं ही?" गहिनीनाथने मान वर न करता विचारलं.

"तवाच म्हनलं हुतं, असू द्या. दम खाती तर खाऊ द्या. तुमी म्हनलात, बाईमानसाला चाकातलं काय कळतंय."

"म्हनलो असंन. कुटं थांबायची ते सांग."

रंगुबाईने काटक्या खाली ठेवल्या. पदर कमरेला खोचला होता तो सोडला. ती गवळणीशेजारी येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांत नसलेली दोरी धरली. डावा हात पुढे, उजवा छातीपाशी, अंग डावीकडे वळलेलं.

"अशी," ती म्हणाली. "तोंड दाराकडं. कुनी हाक मारली का काय, बघितल्यावानी."

गहिनीनाथ तिच्याकडे पाहू लागला. दारातून आलेला उजेड तिच्या गालावर पडला होता. गालावर काटक्यांची धूळ होती. तिचे केस एवढे पिकलेत, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पहाटे दळण, मग पाणी, मग भाकरी, मग सूप. रावणासारखी ती त्याच्या भोवती सतत फिरत राहिली होती. तिला अशी थांबलेली त्याने कधी पाहिल्याचं त्याला आठवेना. छगनच्या आईने चार सांजांत पाहिलं, ते त्याला घरात राहून दिसलं नव्हतं. याचाही हेवा वाटला. मेलेल्या बाईचा हेवा.

वेशीकडून लेझमीचा आवाज येत होता. तो नदीच्या बाजूला सरकत सरकत बारीक होत गेला. गहिनीनाथने दांडा हळूच फिरवला, गवळणीचा डावा हात पुढे आणला, रंगुबाईच्या हाताशी ताडून पाहिला, आणि जो दाता वर आला त्यावर कानामागची पेन्सिल काढून खूण केली. पण पटाशी उचलली नाही.

"झालं का?" मान न हलवता रंगुबाईने विचारलं. "चुलीवर आधन ठिवायचंय."

"न्हाई," तो म्हणाला. "थांब अजून."